कलिंगडाचं वजन

सावाको नुमाजिरी आयुष्यात एकही शर्यत जिंकली नव्हती. शाळेच्या क्रीडादिनाला तिचा नंबर कायम शेवटून पहिला. चौथीत असताना तर ती धापा टाकत पोचली तेव्हा मास्तरांनी शेवटच्या रेषेवरची फीत गुंडाळून पेटीत ठेवली होती आणि पाचवीच्या पोरांना रेषेवर उभं केलं होतं. आईने डब्यात दिलेली तळलेली कोंबडी ती सगळ्यांच्या आधी संपवायची, पण त्याला कोणी पदक देत नाही.

युनिव्हर्सिटीत आल्यावर तिला कळलं, की जगात एक शर्यत अशीही आहे जिथे घाई करणाराच मार खातो. उन्हावर चालणाऱ्या गाड्यांची. ज्याचा पाय जड, त्याची बॅटरी दुपारीच मान टाकते. पाय हलका पाहिजे, डोकं थंड पाहिजे आणि माणूस लोणच्याच्या बरणीत मावेल एवढा पाहिजे. सावाको त्रेचाळीस किलोची. ती युनिव्हर्सिटीच्या सोलर गाडीच्या क्लबात शिरली. क्लबाच्या गाडीचं नाव निबोशी, म्हणजे सुकी मासळी. दिसायलाही तशीच चपटी. सावाकोने दोन वर्षं त्या मासळीच्या पाठीवर एकेक सोलर सेल चिकटवला होता, बोटांची सालं निघेपर्यंत. आता तिसऱ्या वर्षाला तिला ती गाडी चालवायची होती. ऑगस्टमधल्या शर्यतीत, त्या सीटवर, तिने. नोकरी, नवरा, पदवी, सगळं मागाहून आलं तरी चालणार होतं.

मधे एकच धोंड होती, तोदोरोकी. चौथ्या वर्षाचा, बरोबर ऐंशी किलोचा, शांत आणि सभ्य. त्याच्यावर चिडायला तो काही कारणच द्यायचा नाही, त्यामुळे सावाको त्याच्यावर आणखी चिडायची. त्याचं हे शेवटचं वर्ष. सीट एक, माणसं दोन. म्हणून जुलैअखेरीला ओगाताच्या रस्त्यावर फैसला ठरला. भातशेतांना वळसा घालणारी पंचवीस किलोमीटरची फेरी, सत्तावीस मिनिटांच्या आत. ज्याच्या हाताखाली मोटार कमी वीज खाईल, त्याची सीट.

काटकुळ्यांना फुकटचा फायदा नको, म्हणून ड्रायव्हर ऐंशी किलोचा धरतात. कमी भरला तर तेवढं वजन गाडीत घालायचं. सावाकोसाठी सदतीस किलो वाळूच्या पिशव्या होत्या. म्हणजे असायला हव्या होत्या.

निघताना यादी वाचायची, प्रत्येक वस्तूकडे बोट रोखायचं आणि सगळ्यांनी मिळून ‘योशी!’ म्हणून ओरडायचं, की झालं, वस्तू आहे. क्लबाची ही जुनी शिस्त. कॅप्टन हिराबायाशीचा गळा दणदणीत. “वजनाच्या पिशव्या!” तो गरजला. “योशी!” बारा जणांनी बारा बोटं रोखली. पिशव्या तिथे नव्हत्याच. त्या लॅबच्या दाराआड सुखाने पडल्या होत्या. पण एवढ्या जोरात ओरडल्यावर खाली वाकून बघणार कोण?

ओगाताला सकाळी सात वाजता हे उघडकीला आलं. हिराबायाशीचा चेहरा पडला.

“मी स्वतः बोट दाखवलं होतं,” तो म्हणाला.

“कुठे?” सावाकोने विचारलं.

“पिशव्या असतात तिकडे.”

“आणि नव्हत्या तेव्हा?”

“तेव्हाही तिकडेच.”

शेजारच्या शेतकऱ्याने तांदळाची एक गोणी दिली, कागदी, सीलबंद, तीस किलोची. त्रेचाळीस आणि तीस, त्र्याहत्तर. सात किलो उरले. कोणी म्हणालं पाण्याच्या बाटल्या घाला. हिराबायाशी म्हणाला, नको, बॅटरीच्या पेटीवर गळलं तर सगळेच भाजून निघू. एवढ्यात पांढऱ्या गाडीतून गोंदासान उतरले.

गोंदासान क्लबाचे माजी विद्यार्थी, पंचावन्न वर्षांचे. क्लबाची पहिली गाडी त्यांनी लोखंडी खाटेपासून बनवली होती आणि ती चार किलोमीटर चालली होती. त्या चार किलोमीटरवर ते गेली बत्तीस वर्षं भाषण देत होते. दरवर्षी चाचणीला यायचे, खाऊ आणायचे, आणि “आमच्या वेळी” म्हणून सुरू व्हायचे. निबोशीचे टायर त्यांच्याच ओळखीतून येत. त्यांच्यापुढे हिराबायाशीला दोनच शब्द सुचायचे: “अगदी बरोबर.”

या वेळी त्यांनी कलिंगड आणलं होतं.

“बायकोच्या माहेरचं आहे,” ते म्हणाले. “मी जरा गरम झऱ्यावर डुंबून येतो. दुपारी सगळे मिळून खाऊ. माझ्याशिवाय कापू नका हं!”

“खूप खूप आभार!” बारा जण एका सुरात कमरेत वाकले.

पांढरी गाडी दिसेनाशी झाल्यावर किताझुमेने कलिंगड काट्यावर ठेवलं. किताझुमे विजेचं काम बघायचा. आकडे सोडले तर त्याला कशाचंच सुखदुःख नसायचं. “सात किलो शंभर ग्रॅम,” तो म्हणाला. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पाच मिनिटांत ठरलं: सावाकोच्या फेरीला कलिंगड तिच्या गुडघ्यांखाली पट्ट्याने बांधायचं.

आधी तोदोरोकी गेला. सव्वीस मिनिटं चाळीस सेकंद, पाचशे आठ वॉट-तास. उतरला तेव्हा घामाने निथळत होता, तरी उतरल्या उतरल्या गाडीला वाकून नमस्कार केला त्याने. सावाकोला वाटलं, चांगलं वागायचं म्हणजे माणसाने तरी किती?

मग तांदूळ आणि कलिंगड गाडीत बांधलं आणि ती आत शिरली. वरचं झाकण बसलं आणि बाहेरचं जग काचेपलीकडे गेलं. आत बावन्न अंश. भट्टीत बसल्यासारखंच. पण पाय पॅडलवर ठेवला आणि तिचा जीव थंड झाला. डावीउजवीकडे हिरवंगार भात, पुढे सुतासारखा रस्ता. वारा कुठून लागतो, डांबर कुठे खडबडीत, कुठे डोळ्याला न दिसणारा उतार, हे सगळं तिच्या तळपायाला समजायचं. कुठे पाय किती उचलायचा, अशा दहा जागा तिने गेल्या महिनाभरात सायकलवर हिंडून हेरल्या होत्या. कोणाला सांगितल्या नव्हत्या. आकडा सुरेख चालला होता. पहिल्या चौदा किलोमीटरला दोनशे ब्याऐंशी.

आणि फटकन पुढचा डावा टायर बसला.

मागून येणारी गाडी थांबली. हिराबायाशीने घड्याळ थांबवलं, किताझुमेने मीटर बघितला, बाकीचे दोघं चाकाला भिडले. सावाको बाहेर येऊन रस्त्याकडेला बसली, लाल टोमॅटोसारखी झालेली. इतक्यात समोरून पांढरी गाडी. गोंदासान झऱ्यावरून परतत होते, अंगाला सुगंध, गळ्यात टॉवेल.

“अरे वा, बरोबर वेळेवर आलो! पोरगी तर उकडून निघाली की! काढा कलिंगड!”

किताझुमेने मीटरवरची धूळ पुसायला घेतली.

“कुठे ठेवलंय?”

हिराबायाशीने सावाकोकडे पाहिलं. सावाकोने हिराबायाशीकडे पाहिलं. ते माझं वजन आहे, हात लावू नका, एवढंच म्हणायचं होतं. सहा-सात शब्द. ते तिच्या दातांपर्यंत आले आणि तिथेच बसले. गोंदासानना नाही म्हणायचं? त्यांच्यासमोर, त्यांनीच आणलेल्या खाऊबद्दल? क्लबाच्या इतिहासात कोणी म्हटलं नव्हतं.

“गाडीत आहे,” हिराबायाशी म्हणाला.

“गाडीत? छान, म्हणजे सावलीत ठेवलंत. अगदी योग्य केलंत.”

“अगदी बरोबर,” हिराबायाशी म्हणाला आणि त्याने पट्टा सोडला.

कलिंगड हाताला चटका देत होतं. चौदा किलोमीटर भट्टीत बसून आलेलं ते. गोंदासाननी सुरी घातली तेव्हा आतून वाफ आली, खोटं नाही. गरम कलिंगड तुम्ही कधी खाल्लंय? खाऊ नका. चवीला ते गोड सूप लागतं, त्यातही कोणीतरी आधी चाखून परत ठेवलेलं.

“कसंय?” गोंदासान.

“अप्रतिम!” चौघे ओरडले. एकाच्या डोळ्यांत पाणी आलं.

“आमच्या वेळी कलिंगड कुठलं? काकडी खायचो आम्ही, काकडी! घे गं, नुमाजिरी, आणखी घे. तूच तर चालवतेयस.”

सावाकोने दोन फोडी खाल्ल्या. मोठ्या. सालं गोंदासाननी पिशवीत भरून स्वतःच्या गाडीत टाकली, कचरा करायचा नाही म्हणून. टायर बदलून झाला होता. झाकण बसलं, घड्याळ सुरू झालं. गुडघ्यांखालची जागा रिकामी होती आणि तिला ती सारखी जाणवत होती. सांगते पोचल्यावर, ती स्वतःशी म्हणाली. मग म्हणाली, बघू. मग आकडा इतका छान पडायला लागला, की तिने काहीच म्हणायचं सोडून दिलं.

शेवटच्या रेषेवर किताझुमेने मीटर वाचला. “पाचशे पाच. वेळेच्या आत.”

रेषेजवळच्या क्लबाच्या तंबूत एकच गलका झाला. तिला कोणीतरी उचललं, कोणीतरी डोक्यावर पाणी ओतलं. सावाको हसत होती. आयुष्यात पहिल्यांदा ती जिंकली होती, आणि जिंकल्यावर असं वाटतं हे तिला माहीतच नव्हतं.

हिराबायाशी कानाशी आला. “हे बघ, कलिंगडाचं काही काढू नकोस. गोंदासान बसलेत. त्यांना वाटेल त्यांचीच चूक काढली.”

“त्यांचीच आहे.”

“म्हणून तर म्हणतो, काढू नकोस.”

तेवढ्यात तोदोरोकी आला. आपली फेरी झाल्यापासून तो तंबूतच होता, त्याला पंक्चरपलीकडे काही माहीत नव्हतं. तो तिच्यासमोर उभा राहिला आणि सावकाश, पुरता कमरेत वाकला.

“नुमाजिरी, छान चालवलीस. मी दोन उन्हाळे धडपडलो, पण पाचशे आठच्या खाली येता आलं नाही. ऑगस्टमध्ये मी मागच्या गाडीत बसेन. तुला काय लागेल ते रेडिओवर सांग.”

मेल्या, भांडायचंस तरी, तिला वाटलं. रडायचंस, लाथ मारायचीस टायरला. याने सीटचा नीट निरोप घेतला होता, तिच्यासाठी. तिला ढेकर आला, कलिंगडाचा. आणि तिथेच तिला राहवलं नाही.

“खोटं आहे,” ती म्हणाली.

“काय?”

“आकडा खोटा आहे. माझं सात किलो वजन आम्ही रस्त्यात खाल्लं.”

गोंदासान घडीच्या खुर्चीवर पंख्याने वारा घेत बसले होते. पंखा थांबला.

“म्हणजे माझं कलिंगड?” ते म्हणाले.

“हो. ते मी वजन म्हणून घेऊन चालले होते.”

“मग सांगायचं नाही कोणी?”

“तुम्हाला?” सावाको म्हणाली. तिचा आवाज चढला. “तुम्हाला कोण काय सांगतं, गोंदासान? तुम्ही विषारी मासा कापून दिला असता तरी आम्ही अप्रतिम म्हणून मेलो असतो! ते कलिंगड उकळत होतं! ह्याच्या डोळ्यांतून पाणी आलं ते काय आनंदाने?”

हिराबायाशीने डोळे मिटून घेतले. गोंदासान लाल झाले, मग पांढरे, मग त्यांनी पंख्याची घडी केली.

“आणि मीही खाल्लं,” ती म्हणाली. “दोन फोडी. माझंही चुकलं.”

हे ऐकून किताझुमे पुढे सरकला. त्याने वही काढली होती. “किती मोठ्या?”

“काय?”

“फोडी. तेवढं वजन गाडीतच होतं. फक्त जागा बदलली.”

तिला काट्यावर उभं केलं. घाम वजा, पाणी वजा, फोडी साधारण सहाशे ग्रॅम. म्हणजे साडेसहा किलो कमी, ते अकरा किलोमीटर. किताझुमेने पेन्सिल चालवली आणि मान वर केली.

“फरक साडेतीन वॉट-तासांच्या आसपास. म्हणजे खरा आकडा पाचशे साडेआठ. अर्ध्याने हरलीस. पण माझा मीटर एका वॉट-तासापर्यंत चुकू शकतो. म्हणजे कदाचित जिंकलीस. मला सांगता येत नाही.”

“मग तुझा उपयोग काय?” हिराबायाशी ओरडला. सकाळपासून त्याला कोणावर तरी ओरडायचंच होतं.

“पंक्चरपासून पुढचं परत चालवते,” सावाको म्हणाली. “ऊन आहे अजून. पूर्ण वजन घालून.”

“सात किलो आणायचे कुठून?”

“पाणी. मी सांभाळते बाटल्या.”

अशा रीतीने दुपारी दोन वाजता गुडघ्यांखाली साडेतीन दोन-लिटरी बाटल्या घेऊन ती पुन्हा त्या भट्टीत बसली. झाकणं किताझुमेने टेपने गुंडाळली होती. आतलं तापमान चोपन्न. तिचं पिण्याचं पाणी सकाळीच संपलं होतं आणि या गडबडीत भरायचं कोणाच्या लक्षात आलं नाही, तिच्याही नाही. तिसऱ्या किलोमीटरला जीभ टाळूला चिकटली. सात लिटर पाणी मांडीला लागून डुचमळत होतं आणि त्यातला एक घोट प्यायची सोय नव्हती. प्यायलं तरी वजन गाडीतच राहतं, हे किताझुमेचं गणित तिला आठवलं. मग टेप आठवली, दोन्ही हात स्टिअरिंगवर होते हेही आठवलं, आणि तिने कचकचून शिवी दिली. ती रेडिओवर सगळ्यांना ऐकू गेली.

तिने दहाही जागांना पाय उचलला, जिवाच्या आकांताने. पण दुपारी वारा फिरला होता. सहाव्या किलोमीटरला तो समोरून आला आणि निबोशीच्या नाकावर बसला. आकडा भराभर चढला. तिला दिसत होता, आणि तिच्या हातात काही नव्हतं.

मीटर या वेळी तोदोरोकीनेच वाचला. मग काच पुसून पुन्हा वाचला.

“बोला की,” सावाको म्हणाली.

“दोनशे सत्तावीस. एकूण पाचशे नऊ.”

एकाने. एका वॉट-तासाने. एवढ्यात बल्बसुद्धा नीट तापत नाही. सावाकोने बाटलीची टेप दाताने तोडली आणि घटाघटा पाणी प्यायली. पिता पिता ती रडायला लागली, अगदी उघड, नाक पुसत. तिला खूप वाईट वाटत होतं आणि तिने ते लपवलं नाही.

“एका वॉट-तासाने तर मीटरही चुकू शकतो,” हिराबायाशी पुटपुटला. “वाराही फिरलेला. कसं ठरवायचं?” आणि सवयीने त्याने गोंदासानकडे पाहिलं.

गोंदासान उठले. घसा साफ केला.

“मी सगळ्यांत जुना आहे,” ते म्हणाले. “मी सांगतो. या पोरीला चालवू दे. बत्तीस वर्षांत माझ्या तोंडावर खरं बोलणारी ही पहिली. आमच्या वेळी अशी माणसं होती. सीट हिची.”

“अगदी बरोबर!” हिराबायाशीचा जीव भांड्यात पडला. बारा जण टाळ्या वाजवायच्या बेतात आले. तोदोरोकीनेसुद्धा हात वर केले, तो मनापासूनच वाजवणार होता.

सीट तिथे होती. फक्त मान खाली घालून आभार म्हणायचं, की ऑगस्ट तिचा. सावाकोला ती सीट हवी होती, खूप हवी होती.

“नको,” ती म्हणाली.

“काय?” गोंदासान.

“नको, गोंदासान. तुम्ही दिलेली नको. सकाळी तुम्ही दिलं ते आम्ही खाल्लं, आता परत तुम्ही देताय ते घ्यायचं, मग आमचा मीटर काय शोभेला ठेवलाय? पाचशे नऊ म्हणजे पाचशे नऊ. पाचशे आठ त्यांचे आहेत.” तिने तोदोरोकीकडे बोट केलं. “सीट त्यांची.”

गोंदासाननी पंखा उघडला, मिटला. त्यांच्याकडे या प्रसंगासाठी भाषण नव्हतं. ते खुर्चीवर परत बसले. कोणीही त्यांना अगदी बरोबर म्हणालं नाही.

लोकांची आवराआवर सुरू झाली. निबोशीची पाठ उन्हाकडे कलती करून बॅटरी भरायला लावली. सावाको तिच्या चाकापाशी मातीत बसली होती. तोदोरोकी आला आणि विचारता विचारता चारदा थांबला.

“नुमाजिरी... मला मागायचा हक्क नाही, कळतं. पण पहिल्या चौदा किलोमीटरला, पूर्ण वजनात, तू दोनशे ब्याऐंशी काढलेस. तेवढ्यालाच माझे दोनशे शहाऐंशी होते. कुठे उचलतेस पाय?”

सावाकोने त्याच्याकडे पाहिलं. सांगू नये, हे तिला पक्कं वाटलं. महिनाभर सायकलवर तंगड्या तोडून घेतल्या होत्या तिने, तिच्या स्वतःच्या. पण शर्यत निबोशीची होती, आणि त्या पाठीवरचा एकेक सेल तिच्या बोटांनी बसवलेला होता.

“बसा,” ती म्हणाली. “वही आणलीय का?”

त्याने आणली होती. अर्थातच आणली होती. तिने बोटाने मातीत रस्ता काढला आणि एकेक जागा सांगायला घेतली: पाण्याच्या पंपाच्या खोलीनंतर, झाडांची रांग संपते तिथे, डांबराचा रंग बदलतो त्याच्या वीस पावलं आधी. तो लिहीत होता, मान डोलवत होता, मधेच “हे कसं सुचलं तुला?” म्हणत होता. तिला त्याने बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याचा रागही येत होता.

“नऊ झाल्या,” तो शेवटी म्हणाला. “एवढ्याच?”

“एवढ्याच,” सावाको म्हणाली.

तो उठला, पुरता कमरेत वाकला आणि वही छातीशी धरून गेला. दहावी जागा तिने पुढच्या वर्षासाठी ठेवली.